काठाकाठाने

तोक्योच्या जिम्बोचो भागात यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण अंगाला जुन्या पुस्तकांच्या दुकानांची लांबच लांब रांग आहे. यातली बहुतेक दुकाने उत्तरेकडे तोंड करून आहेत, कारण दारातून ऊन आत आले की कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठ्यांचा रंग उडतो. या रांगेच्या मागच्या गल्लीत, एका अरुंद जिन्याने तळघरात उतरले की आठ खुर्च्यांचे एक करीचे दुकान लागते. गेल्या हिवाळ्यात मी कामानिमित्त सहा महिने तोक्योत होते आणि त्या सहा महिन्यांत जवळजवळ प्रत्येक शनिवारी दुपारी मी तिथे जेवले. दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही. आठ खुर्च्यांच्या जागेत नववे माणूस आले तरी त्याला जिन्यावर उभे राहावे लागते, आणि त्या जागेवर माझा जीव आहे.

जिम्बोचोत करीची इतकी दुकाने का, याचे उत्तर तिथला कोणीही एका दमात देतो. एका हातात नुकतेच विकत घेतलेले पुस्तक आणि दुसऱ्या हातात चमचा, असे जेवता येणारे अन्न म्हणजे करी. रामेनच्या वाडग्याशेजारी कोणी जुने पुस्तक उघडत नाही, कारण शिंतोडे उडतात. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल ते असो, पण त्या तळघरात मी दर शनिवारी दोन-तीन माणसे तरी अशी जेवताना पाहिली. हा सगळा भाग कान्दा म्हणून ओळखला जातो, आणि मराठी कानाला ते नाव ऐकताच दरवेळी स्वयंपाकघर आठवते. 1924पासून सुमात्रा पद्धतीची करी करणारे ‘क्योएइदो’ इथलेच, आणि 2011पासून ‘कान्दा करी ग्रां प्री’ नावाची स्पर्धाही इथेच भरते.

मी जपानी शिकले पुण्यात. वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा जपानला गेले तेव्हा एका कारखान्याच्या उपाहारगृहात माझ्यासमोर करी-भाताचे ताट आले होते. ते माझ्यासाठी आठवणीने मागवले होते, कारण भारतातून आलेल्या पाहुणीला करी आवडणारच असे यजमानांना वाटले. त्या दाट, तपकिरी, किंचित गोड पदार्थाचा पहिला घास घेताच माझ्या मनात आले की हे आपलेच काहीतरी बिघडलेले आहे. फोडणी नाही, खोबरे नाही, चिंच-कोकमाचा आंबटपणा नाही, वरून कोथिंबीर नाही. मी सौजन्याने ताट संपवले आणि पुढची कित्येक वर्षे जपानी करीच्या वाटेला गेले नाही.

आता वाटते, त्या दिवशी मनात आलेला ‘आपलेच’ हा शब्द तपासून पाहायला हवा होता. आमच्या घरी करी नावाचा पदार्थ कधी झालाच नाही. आमटी झाली, रस्सा झाला, कालवण झाले, आजोळी माशाचे सांबारे झाले. करी हा शब्द आमच्यापर्यंत आला तो हॉटेलच्या मेन्यूकार्डावरून, म्हणजे इंग्रजीच्या वाटेने. जपानमध्येही तो त्याच वाटेने गेला. मेइजी राजवटीच्या पाचव्या वर्षी, 1872मध्ये, पाश्चात्त्य स्वयंपाकाची दोन पुस्तके तोक्योत निघाली आणि दोन्हींत करीची कृती होती. त्यांतल्या एका कृतीत पातीचा कांदा, आले आणि लसूण लोण्यात परतून त्यात कोंबडी, कोळंबी, कालवे आणि चक्क बेडूक घालायला सांगितले आहे. नंतर मसाल्याची पूड आणि शेवटी पाण्यात कालवलेले गव्हाचे पीठ. म्हणजे जपानी माणसाच्या लेखी करी हा भारतीय पदार्थ नव्हताच. तो विलायती पदार्थ होता, मसाल्याची पूडही इंग्लंडहून डब्यातून येत होती. ज्या घरात आपण कधी राहिलो नाही, त्या घराची कौले बदलली म्हणून मी वीस वर्षे रुसले होते.

दुकानात शिरताच डाव्या हाताला तिकिटाचे यंत्र आहे. पैसे टाकायचे, बटण दाबायचे आणि खाली पडलेले तिकीट, ज्याला ‘शोक्केन’ म्हणतात, ते काउंटरवर ठेवायचे. चिकन, पोर्क आणि भाज्यांची करी अशी तीन मुख्य बटणे. मग उकडलेले अंडे, चीज, जास्तीचा भात अशी जोडबटणे. तिखटाचे तीन प्रकार: अमाकुची म्हणजे गोडसर, चुकारा म्हणजे मध्यम आणि काराकुची म्हणजे तिखट. काउंटरच्या पलीकडे सत्तरीच्या घरातले मालक, ज्यांना सगळे ‘मास्टर’ म्हणतात, आणि त्यांच्या पत्नी. पाठीमागे मोठे पातेले, त्याच्याशेजारी भाताचे यंत्र, आणि या दोहोंमध्ये दोन माणसे एकमेकांना धक्का न लावता हलू शकतील एवढीच जागा. ती दोघे त्या जागेत इतक्या वर्षांच्या सवयीने वावरत की पाहत राहावे. एकाने वळण्याआधी दुसरे अर्धे पाऊल मागे सरकलेले असे.

आधी बर्फ घातलेले पाणी येते, बाहेर कितीही थंडी असली तरी. मग कागदी रुमालात गुंडाळलेला चमचा, आणि एका बशीत सालासकट उकडलेला छोटा बटाटा व त्यावर लोण्याची चकती. जिम्बोचोतल्या काही दुकानांत करीआधी बटाटा देण्याची ही रीत आहे. जपानीत बटाट्याला ‘जागाइमो’ म्हणतात, म्हणजे जाकार्ताहून आलेला कंद, आणि आपला ‘बटाटा’ पोर्तुगिजांच्या तोंडून आलेला. दोन्ही भाषांनी आपापल्या बंदरात उतरलेल्या जहाजाची आठवण त्या एका शब्दात ठेवली आहे. 1872च्या त्या कृतीत मात्र बटाटा नाही, गाजर नाही आणि गोल कांदाही नाही; ही तिन्ही पिके होक्काइदोच्या नव्या शेतांतून पुढे सर्वत्र पसरली आणि मग करीत आली. आज ती काढून टाकली तर जपानी माणूस त्या पदार्थाला घरची करी म्हणणार नाही.

आणि मग ताट येते. लांबट गोल पांढरे ताट, डाव्या अर्ध्या भागात भात, उजव्या अर्ध्या भागात करी. पहिल्या शनिवारी मी ते समोर येताच चमच्याने दोन्ही एकत्र कालवले. त्यात काही विशेष आहे असे मला वाटलेही नाही, कारण भात आणि पातळ पदार्थ समोर आले की हात तेच करतो. आपल्या भाषेत त्या पदार्थाचे नावच या क्रियेवरून पडले आहे, भातात कालवायचे ते कालवण. कालवून झाल्यावर शेजारी पाहिले. तिथे एक वयस्क गृहस्थ एका हाताने जुने पुस्तक दाबून धरून जेवत होते. त्यांच्या ताटात भात पांढराशुभ्र होता आणि करी आपल्या जागी होती. ते चमचा नेमका दोहोंच्या काठावर टेकवत, थोडा भात आणि थोडी करी एकदम उचलत आणि पुढचा घास पुन्हा काठावरून घेत. काठ हळूहळू मागे सरकत होता, पण मोडत नव्हता. त्यांचे ताट संपेपर्यंत मी ते पाहत राहिले, आणि मग माझ्या ताटातल्या तपकिरी काल्याकडे पाहिले.

असे पाहू नये, हे मला कळते. पण पुढच्या शनिवारी मी काठावरून जेवले, आणि तो माझ्यासाठी वेगळाच पदार्थ झाला. भात सगळा कालवला की त्याची स्वतःची चव उरत नाही, ती उरावी अशी आपली अपेक्षाही नसते. आपल्याकडे भाताने कालवण पिऊन घ्यायचे असते. काठावरून जेवताना मात्र प्रत्येक घासाचे प्रमाण जेवणाऱ्याच्या हाती राहते. एक घास करीचा जास्त, पुढचा नुसत्या भाताकडे झुकलेला. तो भात आखूड दाण्याचा, चिकट, चमच्यावर एकसंध बसणारा. बासमतीची सवय असलेल्यांना तो गिचका वाटतो, पण मावळातला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर खाऊन वाढलेल्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही. करी तिखट लागली की नुसत्या भाताचा एक घास घ्यावा, त्याची गोडी जिभेवर येऊ द्यावी आणि पुन्हा काठाकडे यावे. सगळा जपान असाच जेवतो असे मात्र नाही. ओसाकात 1910पासून चालत आलेल्या ‘जियुकेन’ या जुन्या खाणावळीत भात आणि करी आधीच कालवून, वर कच्चे अंडे फोडून देतात, आणि ओसाकाच्या लोकांना त्याचा अभिमान आहे. ते ऐकून मला ओसाकाविषयी उगीच आपुलकी वाटली.

करीच्या शेजारी, काउंटरवरच्या झाकणाच्या भांड्यात, ‘फुकुजिन्झुके’ असते. मुळा, वांगे, काकडी, कमळकाकडी, अबईची शेंग अशा भाज्या बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत मुरवलेले हे लोणचे. गोड, खारट आणि करकरीत. तोक्योतल्या उएनो भागातल्या ‘शुएत्सु’ या दुकानाने ते मेइजी काळात प्रथम केले. सात भाज्यांचे म्हणून सात भाग्यदेवतांचे नाव त्याला दिले, आणि या सातांपैकी तीन देवता मूळच्या भारतातल्या आहेत. दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण कुबेर आणि बेनझाइतेन म्हणजे सरस्वती. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या बेटावर बेनतेनचे देऊळ आहे. बेनतेनच्या हातात सहसा वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य असते. ही सरस्वती चीनमार्गे, बौद्ध धर्माबरोबर, हजाराहून अधिक वर्षांपूर्वी तिथे पोचली. करीची पूड इंग्रजांबरोबर, समुद्रमार्गे, कालपरवा. एक आली चीनमार्गे आणि एक इंग्रजांमार्फत, आणि दोघींची गाठ पडली ती एका लोणच्याच्या बशीत. मला हे कळले त्या दिवसापासून मी ते लोणचे चमच्याच्या टोकावर घेताना क्षणभर थांबते. ती माझी खासगी गोष्ट आहे, पण लिहिली नाही तर हा लेख अपुरा राहील.

करीबरोबर लोणचे घेण्याची ही रीत तरी कुठून आली? 1908मध्ये जपानी नौदलाने आपल्या आचाऱ्यांसाठी पाककृतींचे एक पुस्तक काढले, त्यात करी-भाताची कृती आहे, आणि तो पदार्थ वाढताना सोबत ‘चात्सुने’ द्यावे असे लिहिले आहे. चात्सुने म्हणजे आपली चटणी, अर्थात इंग्रजांनी बाटलीत भरलेली आंब्याची गोड चटणी. ती महाग पडे. पुढे युरोपला जाणाऱ्या जपानी जहाजांवर तिच्या जागी फुकुजिन्झुके देऊ लागले, असे सांगतात. करी नौदलात का रुजली, त्यामागे एक दुखरी कथा आहे. 1882मध्ये ‘र्‍यूजो’ नावाचे प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीवर निघाले, आणि परत येईपर्यंत त्यावरच्या 376 जणांपैकी 169 जणांना बेरीबेरीने, म्हणजे ब1 जीवनसत्त्वाच्या अभावातून होणाऱ्या रोगाने, गाठले होते. 25 जण दगावले. कोंडा काढून पांढऱ्या केलेल्या तांदळाच्या भातावर, बाकी फारसे काही नसताना, ती माणसे जगत होती. नौदलातले वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी हा दोष आहारात आहे हे ओळखून पुढच्या जहाजावर मांसाचे प्रमाण वाढवले, आणि 1884च्या ‘त्सुकुबा’ जहाजाच्या सफरीत त्या रोगाने एकही माणूस गेला नाही. जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. मांस, भाजी आणि पीठ एकाच पातेल्यात शिजवून भातावर घालता येते, अशा पदार्थाची नौदलाला गरज होतीच. आजही जपानचे समुद्री स्वसंरक्षण दल शुक्रवारी करी जेवते.

करीचा भारताशी थेट संबंध मला भेटला तो शिंजुकूच्या ‘नाकामुराया’त, आणि त्यासाठी मी एका रविवारी मुद्दाम गेले होते. इंग्रजांना हवे असलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915मध्ये जपानला पोचले. त्यांना हद्दपार करण्याचा हुकूम निघाला तेव्हा या पावाच्या दुकानाचे मालक सोमा आइझो आणि त्यांच्या पत्नी कोक्को यांनी त्यांना घरात लपवले. 1918मध्ये सोमांची मुलगी तोशिको रासबिहारींशी लग्न करून त्या अज्ञातवासात सहभागी झाली, आणि 1925मध्ये ऐन तारुण्यात गेली. दोन वर्षांनी, 1927मध्ये, नाकामुरायाने उपाहारगृह उघडले आणि रासबिहारींच्या देखरेखीखाली तिथे अस्सल भारतीय करी मिळू लागली. इतरत्र करी-भात दहा-बारा सेनना (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) मिळत असताना ही 80 सेनना होती. तिथले लोक आजही ‘कारे’ न म्हणता ‘कारी’ म्हणतात. हाडासकट कोंबडी, पातळ रस्सा, पीठ नाही. जेवण उत्तम होते. एका माणसाने घरापासून हजारो मैल दूर, जाण्याचा रस्ता बंद झालेला असताना, आपल्या तोंडची चव आठवून ती परक्या शहराला शिकवली, याची जाणीव त्या टेबलावर बसल्यावर होतेच, आणि माझा घसा भरून आला. तरीही पुढच्या शनिवारी मी तळघरात परत गेले. रासबिहारींच्या करीत मला माझे घर शोधायचे होते असे मला वाटत होते. जेवताना लक्षात आले की माझे पाय एव्हाना दुसऱ्या एका जिन्याला सरावले आहेत.

मास्टरांची करी दोन दिवसांची असते. कांदे पातळ चिरून तासाहून अधिक वेळ मंद आचेवर परतायचे. ‘आमेइरो’ होईपर्यंत, म्हणजे त्यांचा रंग काकवीच्या गोळीसारखा होईपर्यंत. वेगळ्या भांड्यात लोण्यात पीठ भाजायचे आणि त्यात मसाला घालायचा. मग कोंबडीचा रस्सा. हे सगळे एकत्र शिजवून लगेच वाढायचे नाही, तर ‘झोपवायचे’. जपानीत करी मुरायला ठेवण्याला झोपवणे म्हणतात. पूर्वी पातेले तसेच रात्रभर ठेवत. आता मास्टर उथळ ट्रेमध्ये करी काढून बर्फाच्या पाण्यावर झपाट्याने थंड करतात आणि मग फ्रीजमध्ये ठेवतात, कारण दाट रस्सा हळूहळू निवत गेला तर त्याच्या तळाशी उष्णतेलाही न मरणारे जंतू वाढतात. दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या कडा विरघळलेल्या असतात, मसाल्याचा उग्रपणा गेलेला असतो. हे त्यांनी समजावून सांगायची मला गरज नव्हती. चिंच-गुळाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त लागते हे माझ्या आईचे मत होते, आणि घरी पाहुणे जेवून गेले की ती आमटीचे पातेले मुद्दाम न घासता झाकून ठेवत असे.

भाज्यांच्या करीतही तोच कोंबडीचा रस्सा असल्याने माझ्या कचेरीतले शाकाहारी सहकारी या दुकानात येऊ शकत नाहीत, आणि त्याचे मला वाईट वाटते. बाजारात मिळणाऱ्या करीच्या वड्यांमध्येही बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. 1963पासून सफरचंद आणि मध घालून विकली जाणारी लाडकी ‘व्हरमाँट करी’ असो की आणखी कोणती, पाकिटामागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ती घेता येत नाही. निशी-कासाइत, जिथे मी राहत होते आणि जिथे भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, तिथल्या बायका चरबीची चित्राक्षरे आधी शिकतात.

एकटीने जेवण्याविषयीही लिहायला हवे. आपल्याकडे बाई हॉटेलात एकटी जेवताना दिसली की वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटतो, आणि घरी एकटे जेवणे ही कीव करण्याची गोष्ट मानली जाते. पंगत, निदान सोबत, हेच जेवणाचे खरे रूप. त्या तळघरात आठही खुर्च्यांवर एकेकटी माणसे असत. पिशवी खुर्चीखालच्या टोपलीत ठेवायची, जेवायचे, ताट समोरच्या उंच फळीवर उचलून ठेवायचे, आपल्यापुढची जागा ओल्या फडक्याने पुसायची आणि ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असे म्हणून निघायचे. वीस मिनिटांच्या वर कोणी बसत नाही, कारण जिन्यावर माणूस उभा असतो. कोणी कोणाशी बोलत नाही. पण पाण्याचा जग हात न पोचणाऱ्याकडे आपोआप सरकवला जातो, आणि लोणच्याच्या भांड्याचे झाकण शेजाऱ्यासाठी उघडे ठेवले जाते. आई गेल्यानंतरचा तो माझा पहिला हिवाळा होता. घरच्या माणसांत जेवताना मला बोलावे लागले असते. तिथे आठ माणसांच्या रांगेत, कोणाला काही न सांगता, मला जेवता आले.

मार्चमध्ये, परतण्याच्या आधीच्या शनिवारी, मी मुद्दाम उशिरा गेले. शेवटची खुर्ची मिळाली, मागे जिना रिकामा होता, आणि मास्टरांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा मला प्रश्न विचारला. तुमच्याकडे कारेला काय म्हणतात? मी कालवण हा शब्द सांगितला आणि तो कालवणे या क्रियापदावरून आला हेही सांगितले. बोटांनी भात कालवण्याची खूण करून दाखवली. त्यांनी ती खूण स्वतःच्या हाताने करून पाहिली, दोनदा. मग मागे वळून पातेल्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आमच्याकडे ते काम इथे होऊन जाते.” त्यांच्या पत्नी हसल्या, आणि दारावरची ‘आजची करी संपली’ ही पाटी लावायला जिना चढून गेल्या.

माझ्या ताटात शेवटचे दोन घास होते. एक मी काठावरून घेतला. दुसरा, भाताची राहिलेली शिते आणि करीचा राहिलेला लेप चमच्याने एकत्र ओढून, नीट कालवून खाल्ला, आणि ताट फळीवर ठेवले.